मनाचे वैद्य: पाटी कोणती, शिक्षण कोणते?

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि त्याचा निकाल देताना न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. योग्य तो कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहावयाची आहेत. त्यांतील एक तत्त्व असे की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याने बालके व किशोरवयीन मुले यांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खासगी शिकवणी वर्ग या साऱ्यांना हे लागू आहे.

लातूर आणि नांदेड या शहरांना हा आदेश जितका लागू पडतो, तितका महाराष्ट्रातील क्वचितच दुसऱ्या शहराला पडत असेल. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाल्याला आता काही दशके लोटली. नांदेडही त्याच वाटेने गेले. दहावीचा निकाल लागला की आसपासच्या जिल्ह्यांतील मुले अंथरुणाची वळकटी घेऊन या शहरांत उतरतात, खोली भाड्याने घेतात, खानावळीचा डबा लावतात आणि पुढची दोन वर्षे, काहींच्या बाबतीत तीन किंवा चार, एका परीक्षेच्या हवाली करतात. कित्येकांच्या घरी शुल्कासाठी कर्ज काढलेले असते. मुलाला त्याची जाणीव असते, पण ती बोलून दाखविण्याची सोय नसते. अशा मुलासाठी एखादा जाणता माणूस नेमावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अडचण त्यापुढची आहे. प्राचार्यांच्या मेजावर नेमणुकीचा प्रस्ताव येईल, तेव्हा आदेशातील ‘किंवा’ या लहानशा शब्दाचे काय करावयाचे? समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता ही एकाच व्यवसायाची तीन नावे नव्हेत. त्यांचे शिक्षण निराळे, अधिकार निराळे आणि मर्यादाही निराळ्या.

मराठीने या गोंधळात भरच घातली आहे. मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, मनोचिकित्सक, मानसतज्ज्ञ हे शब्द वृत्तपत्रेसुद्धा एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. ‘सामाजिक कार्यकर्ता’ या शब्दाची तर गंमतच आहे. न्यायालयाला अभिप्रेत आहे तो समाजकार्य या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेला पदवीधर. आपल्याकडे मात्र रक्तदान शिबिराच्या फलकावर ज्याचे छायाचित्र झळकते तोही सामाजिक कार्यकर्ताच. अशा वेळी नावावर न जाता एकच प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरते: या व्यक्तीने प्रत्यक्ष रुग्णांसमवेत, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती काळ काम केले आहे? मनाच्या क्षेत्रात नुसत्या वाचनाने पदवी मिळू शकते. हात मात्र देखरेखीशिवाय बसत नाही.

या कसोटीवर सर्वांत स्पष्ट स्थान आहे ते मनोविकारतज्ज्ञाचे. तो आधी डॉक्टर असतो. साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. किंवा तिच्याशी समकक्ष डी.एन.बी. ही पदवी त्याने घेतलेली असते. जुन्या पिढीत दोन वर्षांची डी.पी.एम. ही पदविका घेतलेलेही अनेक आहेत. त्या तीन वर्षांत तो वॉर्डात राबतो, बाह्यरुग्ण विभागात वरिष्ठांच्या नजरेखाली रुग्ण तपासतो, व्यसनी माणसांची आणि लहान मुलांचीही चिकित्सा शिकतो. अलीकडे या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही सक्तीचे झाले आहे. मनोविकारांवर औषधे लिहून देणे आणि विद्युतोपचार करणे हे त्याचे विशेष क्षेत्र. ज्याला वैद्यकाची पदवी नाही, त्याला ही औषधे लिहिण्याचा अधिकार नाही, आणि यामागे केवळ व्यवसायाची राखण आहे असे समजू नये. अवटु ग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा विकार कधी कधी उदासपणाचे सोंग घेऊन येतो. अपस्माराचा झटका ‘अंगात येणे’ समजला जातो. म्हाताऱ्या माणसाचे भ्रमिष्टासारखे बोलणे लघवीतील जंतुसंसर्गामुळेही असू शकते. शरीर ओळखता आल्याखेरीज मनाचे निदान पक्के होत नाही.

नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली, लातूरला आज विलासराव देशमुखांचे नाव धारण करणारी शासकीय वैद्यकीय संस्था २००२ साली स्थापन झाली. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुने. या ठिकाणी मनोविकार विभाग आहेत, आणि केसपेपरच्या नाममात्र खर्चात तेथे तज्ज्ञाची भेट होऊ शकते, ही गोष्ट या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांनाही ठाऊक नसते. त्याऐवजी ‘मेंदूचे डॉक्टर’ गाठण्याकडे कल असतो. न्यूरोलॉजिस्ट हा अर्धांगवायू, अपस्मार, कंपवात यांचा तज्ज्ञ; तो मनोविकारतज्ज्ञ नव्हे. तथापि मनाच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मेंदूच्या डॉक्टरकडे जाणे नातलगांत सांगायला बरे वाटते. ‘न्यूरोसायकियाट्रिस्ट’ अशी जी पाटी लहान शहरांत वारंवार दिसते, तिच्यामागे लोकांचा हा संकोच ओळखणारी व्यवहारबुद्धीच असावी.

मनोविकारतज्ज्ञाविरुद्ध एक तक्रार सर्वत्र ऐकू येते: डॉक्टर ऐकून घेत नाहीत, गोळ्या लिहून देतात. तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मनोविकारतज्ज्ञ पडत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते दिसू लागते. ऐकून घेण्याचे, मोजमाप करण्याचे, घरच्यांशी बोलण्याचे काम ज्यांनी वाटून घ्यावयाचे, ती मधली फळीच आपल्याकडे तयार झालेली नाही.

या फळीतील पहिला माणूस म्हणजे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, ज्याला सर्वत्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. येथेच सर्वाधिक गल्लत होते. मानसशास्त्रात एम.ए. केलेला प्रत्येक जण चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ नसतो. कायद्याने त्यासाठी एम.ए.नंतर पूर्णवेळ दोन वर्षांचे, रुग्णालयातील देखरेखीखालचे प्रशिक्षण सांगितले आहे. आजवर ते एम.फिल. या पदवीच्या रूपाने दिले गेले. १९९२ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता लागते आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे परिषदेच्या नोंदवहीत असतात. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी मोडीत काढल्यामुळे या शिक्षणाचे नवे स्वरूप ठरत आहे. नोंदणीची अट मात्र सुटलेली नाही.) हा तज्ज्ञ औषध देत नाही. विचारांच्या, भीतीच्या, सवयींच्या गाठी संवादाने सोडविण्याच्या पद्धती तो शिकलेला असतो आणि मानसिक चाचण्या हे त्याचे खास हत्यार असते.

या चाचण्या सगळ्याच परदेशी आहेत असे नव्हे. मुलांची बुद्धिमत्ता मोजण्यासाठी आजही वापरली जाणारी बिने-कामत कसोटी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील कानडी व मराठी मुलांसाठी बसविली. तितकीच प्रचलित असलेली मालिन यांची कसोटी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून १९६९ साली बाहेर पडली, आणि तिची मराठी आवृत्तीही आहे. मतिमंद ठरविल्या गेलेल्या एखाद्या मुलाला केवळ वाचनाची विशिष्ट अक्षमता आहे, असे या कसोट्यांवरून निष्पन्न झाले तर त्याला परीक्षेत सवलत मिळू शकते आणि त्याचे आयुष्य मार्गाला लागते. उलट अप्रशिक्षित हाताने घेतलेली चाचणी एका हुशार मुलावर जन्मभराचा शिक्का मारते. ‘बुद्ध्यंक तपासून मिळेल’ अशा जाहिराती वाचताना पालकांनी हे विसरू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार या दोहोंचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने त्या कारणावरून काढू नये, असेही तो कायदा सांगतो. आजार उघड झाला तर नोकरी जाईल या धास्तीने औषध लपवून घेणाऱ्या कारकुनांना हे माहीत असणे अगत्याचे आहे.

दुसरा माणूस मनोविकार-समाजकार्यकर्ता. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर पुन्हा दोन वर्षांचे रुग्णालयीन प्रशिक्षण, असे त्याचे शिक्षण. रुग्णाच्या घरी जाणे, सासर-माहेरचा तिढा समजून घेणे, निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, बरा झालेल्या माणसाला पुन्हा कामावर घेण्यासाठी मालकाची समजूत घालणे ही त्याची कामे. औषध लागू पडूनही रुग्ण घरात टिकत नाही, तेव्हा उणीव भासते ती याची. टाटा समाजविज्ञान संस्थेने, तेव्हाच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, १९३७ सालीच मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढून हा विचार आपल्याकडे रुजविला होता.

त्याची गरज मराठवाड्याला ज्या रीतीने पटली, ती रीत भयंकर होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. ढिगारे उपसणारे हात देशभरातून आले. भूकंपानंतर अल्पावधीतच वाचलेल्या लोकांची मानसिक तपासणी करण्यात आली. तिचा प्राथमिक अहवाल १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींत निदान करण्याजोगा मनोविकार आढळला. आघातोत्तर तणावाचा विकार आणि तीव्र नैराश्य हे त्यांत प्रमुख होते. ही माणसे वेडी नव्हती. रात्री छपराखाली झोपण्याची भीती, एकटे वाचल्याचा अपराधभाव, चूल पेटविण्यात अर्थ न वाटणे हे गोळीने अंशतः आणि माणसाने अंशतः बरे होणारे दुखणे होते. बाहेरून आलेले तज्ज्ञ काही काळ थांबले आणि, जसे व्हावयाचे तसे, परत गेले. पत्र्याच्या शेडमधून नव्या वसाहतीत गेलेल्या विधवेच्या दाराशी वर्षानुवर्षे जाणारा कोणी हवा होता. टाटा संस्थेचे केंद्र तुळजापूरला आहे आणि तेथे समाजकार्याचे शिक्षण दिले जाते. या भागाशी त्या संस्थेचा संबंध जुना आहे. परंतु समाजकार्याचा पदवीधर आणि मनोविकारांचे प्रशिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता यांत दोन वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर कापण्याची सोय या बाजूला करून देणे कोणाला सुचलेले दिसत नाही.

मनोविकार परिचारिकेचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः दाखल झालेल्या रुग्णाजवळ चोवीस तास तीच असते. नर्सिंगनंतरची एक वर्षाची पदविका किंवा त्या विषयातील दोन वर्षांची एम.एस्सी. हे तिचे विशेष शिक्षण. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने परिचारिका, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले असून त्यांनी राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी व सिद्ध या पद्धतींतील मनोविकार-विषयक पदव्युत्तर पदवीधारकांनाही कायद्याने त्यात धरले आहे. पदव्युत्तर, आणि त्याच विषयातील, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

राहिला समुपदेशक. आदेशातील तिघांत बहुतेक संस्था निवडतील तो हाच, कारण तो सर्वांत सहज मिळतो आणि सर्वांत स्वस्त पडतो. समुपदेशन ही टाकाऊ विद्या नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशन या विषयातील पदविका अभ्यासक्रम शिक्षकांसाठी कित्येक वर्षे चालू आहे. समुपदेशन-मानसशास्त्रात दोन वर्षे घालवून एम.ए. करणारे विद्यार्थीही आहेत. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेत लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे येतात. दहावी-बारावीच्या दिवसांत मंडळाकडून ज्यांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर होतात, ते समुपदेशक पुष्कळ मुलांना वेळेवर धीर देतात. पण एका आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेला गृहस्थही समुपदेशकच म्हणवितो, आणि त्याला अडविणारी व्यवस्था आजवर नव्हती. २०२१ साली संमत झालेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने समुपदेशक व मानसशास्त्रज्ञ यांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. तिचा अंमल पूर्णपणे बसेपर्यंत पारख संस्थेलाच करावी लागेल.

चांगला समुपदेशक ओळखण्याची एक खूण आहे. आपले काम कोठे संपते हे त्याला सांगता येते. अभ्यासाचा आळस, विषयांची निवड, मित्राशी बेबनाव, परीक्षेची धडधड येथवर त्याचे क्षेत्र. मुलगा रात्रीच्या रात्री झोपत नाही, जेवण टाकतो, कोणी आपल्याविरुद्ध कट करीत आहे असे म्हणतो किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलतो, तेव्हा त्याला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचविणे हेच समुपदेशकाचे कर्तव्य. ‘मी चार बैठकांत याला ताळ्यावर आणतो’ असे म्हणणाऱ्यास नेमू नये. आणि नेमलेल्यावर सारे सोपवून संस्थेने हात झटकू नयेत हेही खरे: गुणांप्रमाणे मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत पाणउतारा करणे हे प्रकार शिकवणी वर्गांनी टाळावेत, असे त्याच निकालात म्हटले आहे. फलकावर क्रमवारी लावावयाची आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बसवावयाचा, याला उपचार म्हणता येत नाही.

ही मधली फळी मराठवाड्यात विरळ का, याचे एक उत्तर इतिहासात आहे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. चारही इंग्रजी अमलात, मुंबई इलाख्यात वा मध्य प्रांतात स्थापन झालेली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला तेव्हा त्याच्या वाट्याला यांपैकी काहीच नव्हते. त्यामुळे नांदेडच्या रुग्णाला हैदराबाद किंवा रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठावे लागे, आणि ‘येरवडा’ हे गावाचे नाव न राहता शिवी होऊन बसली. जालना येथे असे रुग्णालय उभारण्यास शासनाने अलीकडच्या वर्षांत मंजुरी दिली. पण रुग्णालये हीच प्रशिक्षणाचीही घरे असतात. बंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि दुसऱ्याच वर्षी तेथे डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञांचेही शिक्षण सुरू झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची तहान मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या पाण्याने भागविली गेली. मनाच्या तज्ज्ञांबाबत या भागाची स्थिती आजही थोडीफार तशीच आहे.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली मराठवाड्यातील आठही आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारावेत, निराश व्यक्ती हेरावी आणि तिला आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयापर्यंत आणावे, अशी ही साखळी. कल्पना उत्तम आहे. परंतु आशाताई आणि एम.डी. डॉक्टर यांच्यामधले दुवे भरले गेले नाहीत, तर हेरलेला माणूस एकदा गोळ्या घेऊन गावी परततो आणि पुढे त्याचे काय झाले हे कागदावरच राहते.

नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे; त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांतून मानसशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात. त्याच शहरात विष्णुपुरीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला दुसरे आहे. एकीकडे विद्यार्थी, दुसरीकडे रुग्ण आणि देखरेख करू शकणारे अध्यापक. या दोहोंची गाठ घालून पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व मनोविकार-समाजकार्यकर्ते घडविण्याची मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनी आणि विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे व शासनाकडे का करू नये? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने या शहरांत अशा माणसांना कायमची मागणी निर्माण केली आहे. पुरवठा मात्र शिबिरांच्या प्रमाणपत्रांनी होऊ घातला आहे.

तोपर्यंत निवड समितीवर बसणाऱ्या शिक्षकांनी उमेदवाराला पदवीचा कागद मागताना नोंदणी क्रमांक, देखरेखीखाली काम केल्याचा दाखला आणि कोणत्या तज्ज्ञाकडे रुग्ण पाठविणार त्याचे नाव, इतके तरी मागावे. नेमलेल्या व्यक्तीची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नसावी. मानसिक आजारासंबंधीची माहिती गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने रुग्णाला दिला आहे, आणि आपण बोललेले सायंकाळपर्यंत घरी कळते असे एकदा मुलांना वाटले की त्या खोलीकडे कोणी फिरकत नाही. शंभराहून कमी मुले असलेल्या वर्गांना स्वतंत्र नेमणुकीची सक्ती नाही. त्यांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावयाचा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो वसतिगृहाच्या आणि खानावळीच्या भिंतीवर लिहून ठेवायला कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.